त्याचे नाव घरात घ्यावे का?

तरुण मुलगा किंवा मुलगी गेलेल्या घरांतून माझ्याकडे बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो: त्याचा विषय काढला की आई कोसळते, मग काढावा की टाळावा? ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका कुटुंबाविषयी लिहिते आहे.

२४ वर्षांचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला, त्याला दीड वर्ष झाले होते. "सारखी रडलीस तर त्याच्या जिवाला गती मिळणार नाही," असे नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी तेराव्यालाच आईला बजावले होते, वडिलांनी त्याचा फोटो आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि दादाच्या मित्राचा फोन आला की धाकटी बहीण गच्चीवर जाऊन बोलत असे. आईंनी मला विचारले, "नाव घेतले तर ह्या दोघांना त्रास होतो, नाही घेतले तर मीच त्याला विसरले असे वाटते. मी करू तरी काय?"

शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणे, ही समजूत मानसशास्त्रातही बराच काळ होती. १९१७ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी तशीच मांडणी केली होती. पुढे १९२० मध्ये त्यांची २६ वर्षांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली, आणि १९२९ मध्ये, मुलगा गमावलेल्या एका स्नेह्याला पत्र लिहिताना, अशा माणसाची जागा कशानेही पूर्ण भरून निघत नाही आणि ते तसेच असायला हवे, असे त्यांनी कळवले. हे सांगितल्यावर आई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे मला वेड लागलेले नाही ना?"

पुढच्या भेटीला मी तिघांना एकत्र बसवले आणि अपघाताचा दिवस बाजूला ठेवून, तो जेवायला बसला की आधी काय मागायचा, एवढेच विचारले. आई म्हणाल्या, लोणच्याचा खार. बहीण लगेच म्हणाली, "छे, कुरडई! तीही माझ्या ताटातली." बऱ्याच वेळाने वडील बोलले, "पाणी मागायचा. तांब्या शेजारी असला तरी स्वतः कधी घेतले नाही, मी त्यावरून ओरडायचो." आई रडल्या, पण उठून गेल्या नाहीत. इतके दिवस त्याच्या आठवणीत रुग्णालयातली ती रात्रच तेवढी उरली होती. आता त्याचा आळस आणि बहिणीच्या काढलेल्या खोड्याही बोलण्यात आल्या.

म्हणून माझे उत्तर असे, की नाव घ्यावे, येता-जाता सहज घ्यावे, फक्त सक्ती कोणावर करू नये. त्याला देवमाणूसही करू नये, कारण मग मागे राहिलेले भावंड आयुष्यभर त्याच्या तुलनेत कमीच पडत राहते. भेटायला येणाऱ्यांनी "विसरा आता" म्हणण्याऐवजी त्याची एखादी आठवण सांगावी. या कुटुंबाने वाढदिवसाला त्याच्या मित्रांना जेवायला बोलावले, तेव्हा पहिल्या पगारातून त्याने एका मित्राची परीक्षा फी भरली होती, हे वडिलांना प्रथमच कळले.

वर्ष उलटूनही झोप, जेवण आणि कामकाज रोजच विस्कटलेले राहत असेल, तर तज्ज्ञांना भेटावे. "त्याच्याकडेच जावे" असे विचार येत असतील, तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.