विहीणबाईंचं वय विचारू का?

यावेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून आलेल्या प्रश्नांत इंग्रजीत वय कसं विचारायचं हाच विषय फिरून फिरून आलाय, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते.

प्रश्न: माझ्या मुलाने अमेरिकन मुलीशी लग्न केलंय, दोघं तिकडेच असतात. डिसेंबरात तिची आई पहिल्यांदाच आमच्याकडे येतेय, आम्ही नौपाड्यात राहतो. सगळे मिळून रात्रीच्या कोकणकन्याने कणकवलीला जायचं, तिथून पुढे गावी, असा बेत आहे. आता तिकिटासाठी प्रत्येकाचं वय टाकावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता आहे, त्या माझ्याहून मोठ्या असतील तर वाकून नमस्कार करायला हवा ना. मुलगा म्हणतो आई, वय अजिबात विचारू नकोस, तिकडे चालत नाही. मला 'व्हॉट इज युवर एज' एवढंच येतं. ते वाईट दिसेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि तुम्ही ते एकाच वाक्यात उरकायला बघताय, घोळ तिथेच आहे. एक तिकिटाचं वय आणि दुसरं तुमच्या उत्सुकतेचं वय.

तिकिटाचं अगदी सोपं. तिथे लाजायचं काही कारणच नाही, फक्त कारण आधी सांगायचं आणि वय मग. 'आय ॲम बुकिंग अवर ट्रेन टिकिट्स. द रेल्वे आस्क्स फॉर एव्हरीवन्स एज. कुड यू टेल मी युवर्स, प्लीज?' एवढं पुरे. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला वय सांगायचा राग नसतो हो, कशाला विचारतायत ते कळलं नाही की तो बिचकतो. त्याहून सोपं म्हणजे मुलाला सांगा त्यांच्या पासपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवून घे, तिकिटावर नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच हवं आणि जन्मतारीखही तिथेच असते, म्हणजे तुम्हाला तोंड उघडायलाच नको. वय मात्र खरंच टाका, कारण लोअर बर्थ शिल्लक असेल तर ४५ आणि त्यावरच्या बायकांना तो आपोआप मिळतो, आणि पाहुणीला पहिल्याच रात्री वरच्या बर्थवर चढवणं बरं नाही दिसत. ज्येष्ठांची जी भाड्यातली सवलत होती ती मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा त्या हिशेबात पडू नका.

आता दुसरं. आपण वय विचारतो ते बहुतेक वेळा भोचकपणा म्हणून नाही, समोरच्याला बसवायचं कुठे ते ठरवायला विचारतो. ताई म्हणू की काकू, अरे-तुरे चालेल की अहो-जाहो, कोणी कोणाला वाकायचं, हे सगळं वयावर लटकलेलं असतं. इंग्रजीत सगळ्यांना 'यू' आणि विहीणबाईंना पहिल्या दिवसापासून नुसत्या नावाने हाक, तिथे वय कळून बोलण्यात काडीचा फरक पडत नाही. त्यामुळे तुम्ही नमस्कारासाठी विचाराल आणि त्यांना वाटेल ही बाई आपलं माप काढतेय.

मग करायचं काय, तर आपलं सांगून टाकायचं. तुमची साठी झाली असेल तर साठीशांतीचा अल्बम काढा, साठ दिव्यांनी ओवाळतानाचा फोटो असेलच, तो दाखवा आणि म्हणा, 'आय टर्न्ड सिक्स्टी लास्ट इयर. दे लिट सिक्स्टी लॅम्प्स, वन फॉर ईच इयर.' त्यावर बहुतेक माणसं आपणहून सांगतात की मी अमुक वर्षाची, किंवा माझी साठी अजून दोन वर्षांनी. नाही सांगितलं तर नाही सांगायचंय, विषय संपला, लगेच कोथिंबीर वड्यांची प्लेट पुढे करा. हवं तर 'आर यू द एल्डेस्ट इन युवर फॅमिली?' विचारा, भावंडांच्या गप्पा सुरू झाल्या की वर्षं आपोआप बाहेर पडतात. 'आर यू रिटायर्ड?' मात्र पहिल्या दिवशी नको, ते 'तुम्ही म्हाताऱ्या दिसता' असं ऐकू जाऊ शकतं.

आणि ते 'इफ यू डोन्ट माइंड माय आस्किंग'. आपल्याकडे शिकवतात की हे लावलं की कुठलाही प्रश्न सभ्य होतो. नाही होत. त्याने समोरच्याला फक्त नाही म्हणायची वाट मिळते, आणि ती वाट त्याने धरली तर आपण हसून गप्प बसायचं असतं. 'इफ यू डोन्ट माइंड' म्हणून विचारायचं आणि पुन्हा 'नाही सांगा ना, सांगा ना' करायचं यापेक्षा सरळ विचारलेलं बरं.

अजून एक. वय कळल्यावर 'यू लुक सो गुड फॉर युवर एज' म्हणू नका. कौतुकच असतं ते, पण शेवटच्या तीन शब्दांनी नासतं. 'यू लुक सो गुड' वर थांबा.

राहिला नमस्कार. विहिणी विहिणी बरोबरीच्या, आणि तुम्ही तर वरमाई, तुमचाच मान मोठा, हे त्यांना सांगायला जाऊ नका एवढंच. हात जोडा, हळदीकुंकू लावा, ओटी भरा, त्यांनी मिठी मारली तर मारू द्या.

प्रश्न: मी ऐरोलीला एका यूएस प्रोसेसमध्ये, म्हणजे अमेरिकन कस्टमरचे कॉल घेणाऱ्या कॉल सेंटरमध्ये आहे. परवा एका कस्टमरला व्हेरिफिकेशनसाठी 'सर, व्हॉट इज युवर एज?' विचारलं तर तो भडकलाच, म्हणाला तुला काय करायचंय, आणि कॉल एस्कलेट झाला, म्हणजे वरच्यांकडे गेला. शिवाय आता मला टीम लीड करतायत, पुढे क्लायंटच्या तिकडच्या माणसांचे व्हिडिओवर इंटरव्ह्यूही घ्यावे लागतील. तिथे वयाचं काय करायचं?
– एक वाचक, दिघा

उत्तर: तुमचा प्रश्न उद्धट नव्हता, चुकीचा होता. व्हेरिफिकेशनला वय लागतच नाही, जन्मतारीख लागते. 'फॉर व्हेरिफिकेशन, कुड यू प्लीज कन्फर्म युवर डेट ऑफ बर्थ?' असं म्हटलं की माणूस सवयीने तारीख सांगून मोकळा होतो, कारण बँकेत, डॉक्टरकडे, सगळीकडे त्याला हेच वाक्य ऐकू येतं. तारीख ऐकून मनात वय काढलंत तरी तोंडातून 'ओह, सिक्स्टी टू' निघता कामा नये. आणि तिकडे महिना आधी लिहितात. ०४/०५/१९६२ म्हणजे आपल्याकडे ४ मे आणि तिकडे ५ एप्रिल, त्यामुळे वाचून दाखवताना आकडे नकोत, महिन्याचं नाव घ्या, 'एप्रिल फिफ्थ, नाइन्टीन सिक्स्टी टू'. यावरून 'तारीख मॅच होत नाही' म्हणत बिचाऱ्या खऱ्या कस्टमरलाच अडवून ठेवणारे कमी नाहीत.

इंटरव्ह्यूचं जरा नीट वाचा. आपल्याकडे बायोडेटात वरतीच जन्मतारीख, वडलांचं नाव, मॅरिटल स्टेटस सगळं असतं, आणि 'मग लग्नाचं काय?' हाही इंटरव्ह्यूतला प्रश्न धरतात. अमेरिकेत १९६७ चा एक कायदा आहे, एज डिस्क्रिमिनेशन इन एम्प्लॉयमेंट ॲक्ट, त्यात ४० आणि त्यावरच्या माणसाला वयामुळे नोकरी नाकारायची नाही असं आहे. नुसतं वय विचारणं त्यात थेट बंद नाही, पण उद्या त्या माणसाला घेतलं नाही आणि त्याने तक्रार केली तर विचारलंच कशाला इथपासून उकरून काढतात, म्हणून तिकडच्या कंपन्या त्या वाटेलाच जात नाहीत. ब्रिटनच्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्येही वयावरून भेदभाव करायला मनाई आहे. वळसा घालून विचारलेलंही त्यातच येतं हं, 'कोणत्या साली ग्रॅज्युएट झालात' हे अनुभव मोजायला विचारलं असं आपण म्हणतो, पण समोरचा बरोबर ओळखतो. तुम्हाला अनुभव हवाय ना, मग 'हाऊ लाँग हॅव यू वर्क्ड विथ धिस सॉफ्टवेअर?' विचारा. कामाला किमान वयाची अट असेल तर 'आर यू ओव्हर एटीन?' एवढंच, हो की नाही मध्ये उत्तर, आकडा नको.

प्रश्न: मी नववीत आहे. संवाद लेखनात मी 'मे आय नो व्हॉट इज युवर एज' लिहिलं तर टीचरनी खाली लाल रेघ मारली. मी तर पोलाइट लिहिलं होतं. चूक काय आहे?
– एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर: पोलाइट आहेच गं, फक्त शब्दांची जागा चुकली. 'मे आय नो' म्हटलंस की तिथेच प्रश्न विचारून झाला, मग पुढचा भाग साध्या वाक्यासारखा सरळ चालतो, म्हणजे 'व्हॉट युवर एज इज'. कानाला अर्धवट वाटतं पण बरोबर तेच. त्याहून बरं 'मे आय आस्क हाऊ ओल्ड यू आर?' इथेही 'आर' शेवटी गेला बघ. नुसता 'हाऊ ओल्ड आर यू?' सुद्धा काही उद्धट नाही, तुझ्या वयाच्या मुलामुलींना तोच विचारायचा, त्यांना 'मे आय आस्क' म्हणशील तर ते हसतील. 'व्हॉट इज युवर एज' चूक नाही पण खिडकीमागच्या क्लार्कने फॉर्म भरताना विचारल्यासारखं वाटतं, आणि 'हाऊ मच इज युवर एज' मात्र कधीच नाही.

जाता जाता, 'आय ॲम फोर्टीन इयर्स ओल्ड' मध्ये 'इयर्स', पण 'अ फोर्टीन-इयर-ओल्ड गर्ल' मध्ये 'इयर', मध्ये छोट्या रेघा. यावरही लाल रेघ येते.

प्रश्न: सकाळी पार्कात आमचा ज्येष्ठांचा ग्रुप असतो, त्यात दोघंतिघं साउथचे, एक पंजाबी, त्यामुळे बोलणं इंग्रजीतच. मी 'आय ॲम रनिंग सेव्हन्टी' म्हणतो तर माझी नात म्हणते आजोबा, तुम्ही धावताय असं वाटतं. तिचं खरं का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: नातीचं खरं आहे, पण पार्कात बिनधास्त म्हणा, तिथल्या सगळ्यांना कळतंय. आपल्याकडे सत्तरावं चालू आहे म्हणतात तेच तुम्ही इंग्रजीत बोलताय. परदेशातल्या माणसाशी बोलताना 'आय ॲम सिक्स्टी-नाइन' किंवा 'आय विल बी सेव्हन्टी इन मार्च' म्हणा, तिकडे पुरी झालेली वर्षंच मोजतात. कोरियात तर मूल जन्मलं की एक वर्षाचं आणि १ जानेवारीला सगळ्यांचंच एक वाढायचं, जून २०२३ पासून त्यांनी सरकारी आणि कायद्याच्या बहुतेक कामांत पुरी वर्षं मोजायचं ठरवलं, म्हणजे कागदावर एका रात्रीत अख्खा देश लहान झाला. आणि गंमत म्हणजे तिथेही नवीन माणूस भेटला की वय विचारतात, कारण कोणाशी कुठल्या आदराने बोलायचं ते त्यावर ठरतं, अगदी आपल्यासारखं.

एसटीतही पुरी वर्षंच चालतात हे लक्षात ठेवा. ७५ पूर्ण झाली की तिकीट माफ, आणि कंडक्टरने 'आजोबा, पंच्याहत्तरी झाली का?' विचारलं की लोक काय अभिमानाने आधार कार्ड काढतात! तिथे पंच्याहत्तरावं चालू आहे म्हणून भागत नाही, तोवर अर्धं तिकीट.

प्रश्न: आमच्या सोसायटीत बऱ्याच नॉन-मराठी फॅमिली आहेत. खाली मुलं खेळत असताना त्यांच्या आयांशी बोलताना मुलांची वयं विचारलेली चालतात ना?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: खुशाल विचारा, 'हाऊ ओल्ड इज शी?' जगभर चालतं. दोन वर्षांपर्यंत उत्तर महिन्यांत येईल, 'एटीन मंथ्स', दचकू नका. फक्त बरोबरच्या मोठ्या माणसाचं नातं आपण ठरवायचं नाही, 'इज ही युवर ग्रँडसन?' विचारलंत आणि तो मुलगा निघाला तर लिफ्टमध्ये रोज तोंड चुकवावं लागेल.

प्रश्न: मुलगी इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय, २३ वर्षांची आहे. सुपरमार्केटमध्ये मैत्रिणींबरोबर वाइन घ्यायला गेली तर काउंटरवर वयाचा पुरावा मागितला, ती फार ओशाळली. हा रेसिझम आहे का?
– एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नाही हो, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. तिकडे दारू घ्यायचं वय १८ आहे, पण बऱ्याच दुकानांत 'चॅलेंज २५' पाळतात, म्हणजे पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र मागायचंच, गोरा असो की कोणी. काउंटरवरचा वयही विचारत नाही बघा, 'कॅन आय सी सम आयडी, प्लीज?' एवढंच. पासपोर्ट रोज पर्समध्ये घेऊन फिरू नको म्हणावं, हरवला तर केवढा व्याप. तिकडचं प्रोव्हिजनल ड्रायव्हिंग लायसन्स मिळत असेल तर ते काढून ठेवायचं, गाडी चालवो न चालवो, आणि पुन्हा मागितलं तर 'शुअर, हिअर यू गो' म्हणून पुढे करायचं. वाइनबद्दल तिला ओरडायचं की नाही ते मात्र मला विचारू नका.