पांडवलेण्यातले शिलालेख फोटोत दिसतच नाहीत, कोणता कॅमेरा घेऊ?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या पांडवलेण्याला दोनदा जाऊन आलात, मोबाइल चांगला आहे, तरी आतले फोटो काळे येतात. फ्लॅश टाकला की भिंत पांढरीफटक होते आणि शिलालेख गायब. म्हणून कोणता कॅमेरा घ्यावा आणि किती वाजता जावं, असं विचारलंय.

कॅमेरा घेऊ नका. टॉर्च घ्या, आणि ती धरायला बरोबर एक माणूस न्या.

यावरून आमच्या घरात बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिकरोडला आमचा फोटो स्टुडिओ आहे. दादाने उभा केला, मी त्याच्याच हाताखाली शिकलो. लग्नं, मुंजी, साखरपुडे, पासपोर्टचे फोटो. दादाचा एकच नियम: फोटोत अंधार म्हणजे चूक. नवरीच्या अंगावरचा दागिना नि दागिना दिसला पाहिजे. लग्नाच्या हॉलमध्ये त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्या कामात त्याच्यासारखा हात मी अजून पाहिलेला नाही.

एका संस्थेच्या स्मरणिकेसाठी तीन नंबरच्या लेण्यातल्या गौतमी बलश्रीच्या शिलालेखाचा फोटो हवा होता. काम दादाकडे आलं. हा शिलालेख व्हरांड्याच्या मागच्या भिंतीवर, पार छताजवळ आहे. तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कोरलेला. लेणं दान देताना म्हातारी राणी आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम लिहवून ठेवते. क्षहरातांचा, म्हणजे शत्रू शक घराण्याचा, वंश त्याने निःशेष केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. आणि स्वतःची ओळख काय सांगते? महाराजाची आई, महाराजाची आजी. सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमलेली. सातवाहनांचा इतिहास लिहिताना हा लेख टाळून कुणालाही पुढे जाता येत नाही. नाशिकच्या माणसाला तो दारात मिळालाय आणि आपण त्याच्याखाली उभं राहून सेल्फी काढतो.

दादा दोन मोठे लाइट आणि स्टँड घेऊन आला. स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. सामान गाडीत ठेवलं आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरला. पंधरा-वीस फोटो काढले. सगळ्यांत राखेच्या रंगाची सपाट भिंत, अक्षर एक नाही. तुमचंही नेमकं हेच होतंय. अक्षरं उथळ खोदलेली आहेत. समोरून उजेड मारला की तो खाचेच्या तळापर्यंत पोचतो, सावली उरत नाही, आणि सावली नाही तर अक्षर नाही. शाई थोडीच भरलीय त्यात!

मग दादाने बॅगेतून टाल्कम पावडरचा डबा काढला. नवरीच्या चेहऱ्यावरची चमक मारायला तो कायम बरोबर असतो. हातभर उंच दगडावर चढून अक्षरांत पावडर चोळायची, पांढरी उठून दिसतील, दोन मिनिटांचं काम. मी त्याचं मनगट धरलं. तो म्हणाला, "अरे, एकोणीसशे वर्षं टिकलंय ते, माझ्या चिमूटभर पावडरीनं काय होणारे?" मी म्हणालो, "एकोणीसशे वर्षांत प्रत्येकाने हेच म्हटलं असतं तर आज तुला फोटो काढायला काय उरलं असतं?" आजूबाजूला शाळेची सहल होती, सगळी पोरं बघत होती. लहान भावाने चारचौघांत हात धरला, हे दादाला लागलं. उतरताना एक शब्द बोललो नाही. खाली फाळके स्मारकाजवळ त्याने चहा घेतला, मी घेतला नाही.

दोन दिवसांनी मी पुतणीला घेऊन परत गेलो. आठवीत होती. तिच्या हातात साधी टॉर्च दिली आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून, आडवी धरायला सांगितली. तिचा हात वरपर्यंत पोचेना, म्हणून तिने खालूनच उजेड टाकला. ती ओरडली, "काका, अक्षरं बाहेर आली!" खरंच, खोदलेली अक्षरं उठावाची दिसत होती, भिंतीवर चिकटवल्यासारखी. उजेड नेहमी वरून येतो, असं आपला डोळा धरून चालतो. तो खालून आला की खड्डा उंचवटा वाटतो. म्हणून शिलालेखावर उजेड वरून, शक्यतो वरच्या डाव्या कोपऱ्यातून, भिंतीशी अगदी कमी कोन करून टाकायचा. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच आहे.

तिसऱ्या खेपेला इलेक्ट्रिशियन वायरिंगला वापरतात तो पांढरा पाइप नेला, सहा फुटी. टोकाला टॉर्च रबरबँडने बांधली. पहारेकऱ्याला आधी दाखवलं, भिंतीला टेकवणार नाही म्हणून सांगितलं. पुतणीने पाइप वर केला, हळूहळू भिंतीकडे कलवला, आणि एका ठरावीक कोनात सगळी ओळ एकदम उमटली. 'गोतमी'मधला 'ग' मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. छोट्या कमानीसारखा, डाव्या पायाच्या आत काळी सावली, उजव्या पायाच्या काठावर उजेडाची बारीक रेघ. छिन्नी कुठे टेकली, कुठे वळली ते कळत होतं. त्याआधी मी त्या लेण्यात पन्नास वेळा तरी गेलो असेन.

त्याच दिवशी दहा नंबरच्या लेण्यातही गेलो. तिथे क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीत, म्हणजे संघात, २००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि त्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात, राहणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण. पुतणीने टॉर्च धरूनच हिशेब केला: महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस बारे २४०. बरोबर जुळतं. तिचे डोळे असे मोठे झाले. पावडर चोळून हे मिळालं नसतं असं मला म्हणायचं नाही, पण पुढच्या पोरीला ते मिळेल की नाही हा प्रश्न आहे.

फोटो दिला. स्मरणिका छापून आली, आणि फोटोतल्या सगळ्या सावल्या कुणीतरी उजळून टाकल्या होत्या. पुन्हा तीच राखेची भिंत. विचारलं तर "छपाईत काळा येतो म्हणून वाढवला" एवढंच उत्तर. दादा म्हणाला, "बघ, शेवटी लोकांना उजेडच हवा असतो." अजूनही म्हणतो.

दादा, तू हे वाचणार आहेस हे मला माहीत आहे. लेणं म्हणजे लग्नाचा हॉल नाही. जिथे प्रकाश आत येता येता विरत जातो, अशीच ती जागा कोरलेली आहे. अठरा नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यात, दारातून नुसतं उभं राहून बघ, स्तूप आधी दिसतच नाही. पाच-दहा मिनिटं डोळे सरावू द्यावे लागतात, मग तो हळूहळू आकार घेतो. तो अंधार फोटोतून काढून टाकला तर राहतं काय? गोल दगड.

आता तुमच्या प्रश्नाकडे. वेळ: सकाळी उघडल्या उघडल्या, गर्दी नसते म्हणून. उन्हासाठी वेळ बघायची गरज नाही. पांडवलेण्यांची तोंडं उत्तरेकडे आहेत, हिवाळ्यात थेट ऊन आत येत नाही, दिवसभर मऊ उजेड असतो. त्यामुळे "संध्याकाळच्या सोनेरी उन्हात जा" हा जो सल्ला सगळे देतात तो इथे निरुपयोगी आहे. मोबाइलमध्ये प्रो मोड लावा, आयएसओ १०० ते ४०० ठेवा, एक्सपोजर एक-दीड स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो थोडा काळपट होऊ द्या. आपला दगड काळा बेसॉल्ट. कॅमेरा आपल्या मनाने त्याला करडा करायला बघतो, म्हणून खाली ओढावं लागतं. शटर लांबलं की हात हलणार, तेव्हा बॅग जमिनीवर ठेवून तिच्यावर मोबाइल टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. तीन नंबरच्या व्हरांड्याचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष आहेत ना, त्यांचे फोटो असेच जमिनीलगत मोबाइल ठेवून काढा. त्यांच्या खांद्यावर किती ओझं आहे ते तेव्हाच कळतं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. टॉर्च वापरण्याआधी पहारेकऱ्याला विचारा. नाही म्हणाला तर वाद न घालता ठेवून द्या. चित्रं असलेल्या लेण्यात, म्हणजे अजिंठ्याला वगैरे, यातलं काहीही करू नका. तिथे फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अक्षरांवर पाणी, खडू, तेल काही लावू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आतल्या अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असली तर टॉर्च त्यांच्यावर मारू नका. छताला मधमाश्यांचं पोळं दिसलं तर तिथून निमूट मागे फिरा, आणि अत्तर मारून जाऊ नका. पंचवटीतल्या सीतागुंफेत मोबाइल खिशातच ठेवा. ते देवस्थान आहे, फोटोला मनाई असते, आणि वाकून सरकताना मागच्या माणसाला थांबवणंही बरं नाही.

हात बसवायचा असेल तर आधी म्हसरूळच्या चामर लेण्यांना जा, मग मनमाडजवळ अंकाईच्या जैन लेण्यांना. तिथे कोरीव काम जास्त खोल आहे, तिरका उजेड लगेच कळतो. देवळाचा भाग चालू असेल तिथे विचारूनच कॅमेरा काढा.

स्मरणिकेतला तो उजळलेला फोटो दादाने फ्रेम करून स्टुडिओत काउंटरच्या मागे लावलाय. मूळ फाइल माझ्याकडे आहे. हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो. आणि टॉर्च धरायला कुणी नसेल तर रविवार सोडून कुठल्याही सकाळी सांगा, पाइप अजून आहे.