वाचकांचे प्रश्न : स्लोव्हाक शिकताना आधार कोणत्या भाषेचा घ्यावा?

प्रश्न : मी देवगड तालुक्यातला असून माझे शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमातून झाले आहे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतल्यानंतर स्लोव्हाकियातील मोटार कारखान्यात काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली, म्हणून तीन महिन्यांपूर्वी इंग्रजीतून लिहिलेले स्लोव्हाक व्याकरणाचे पुस्तक घेतले. तीन लिंगे, सहा विभक्ती आणि नामाबरोबर बदलणारी विशेषणे पाहून धीर सुटला आहे. आधी इंग्रजी व्याकरण पक्के करावे, की तिथे गेल्यावर कानावर पडेल तेवढेच शिकावे? – एक वाचक, देवगड

उत्तर : यांपैकी काहीच करू नये. आपले पुस्तक ज्या वाचकासाठी लिहिले आहे, त्याच्या भाषेत खुर्ची आणि टेबल यांना लिंग नसते, आणि वाक्यातले स्थान बदलले म्हणून नामाचे रूप बदलते ही कल्पनाच त्याला नवी असते. आपले शिक्षण इंग्रजीतून झाले असले, तरी घरी आईशी आपण ज्या भाषेत बोलता तिच्यात ही सगळी व्यवस्था आहे आणि ती आपल्या तोंडी बसलेली आहे. म्हणून पुस्तक जवळ ठेवावे, पण वहीत इंग्रजी अर्थाचा रकाना न आखता मराठीचा आखावा. मी स्वतः ही भाषा शिकताना असा रकाना फार उशिरा आखला, आणि आधीचे कित्येक महिने वाया गेल्याची हळहळ मला अजून वाटते.

एक उदाहरण पाहावे. इंग्रजीत 'माझे' या अर्थी एकच शब्द सगळीकडे चालतो. स्लोव्हाकमध्ये 'मुओय', 'मोया' आणि 'मोये' असे तीन शब्द आहेत, आणि ते अनुक्रमे माझा, माझी, माझे यांच्याच जागी येतात. (येथे देवनागरीत लिहिलेल्या स्लोव्हाक शब्दांतला शेवटचा आकार आखूड उच्चारावा.) एवढेच नव्हे, तर भावाच्या वस्तूंविषयी बोलताना 'ब्रातोव दोम' म्हणजे भावाचे घर, 'ब्रातोवा क्निहा' म्हणजे भावाचे पुस्तक आणि 'ब्रातोवो आउतो' म्हणजे भावाची मोटार, अशी मालकी दाखवणारी रूपे वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलतात. इंग्रजी बोलणाऱ्याला हे दिव्य वाटते; चा-ची-चे जन्मापासून ऐकलेल्या माणसाला वाटू नये. 'स्वोय' हा शब्दही असाच आहे. 'त्याने आपले पुस्तक उचलले' आणि 'त्याने त्याचे पुस्तक उचलले' या दोन वाक्यांतला फरक आपल्याला कळत असेल, तर 'स्वोय' कुठे वापरावा हे वेगळे शिकावे लागणार नाही.

आता याच उदाहरणातली अडचण सांगतो, कारण मराठी माणूस नेमका इथेच घसरतो. दोम पुल्लिंगी आहे, क्निहा स्त्रीलिंगी आहे आणि आउतो नपुंसकलिंगी. म्हणजे घर, पुस्तक, मोटार या आपल्या शब्दांचे लिंग तिथे चालत नाही. त्याहून फसवी गोष्ट अशी की मासा, आंबा, कोयता, वल्हवणारा अशा शब्दांमुळे आकारान्त नाम पुल्लिंगी मानण्याची सवय आपल्या कानाला असते, आणि स्लोव्हाकमध्ये आकारान्त नाम बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असते. 'रिबा' म्हणजे मासा, पण ती रिबा. व्यंजनान्त नाम बहुधा पुल्लिंगी आणि ओकारान्त नाम नपुंसकलिंगी असते. 'रात्र' या अर्थाचा 'नोत्स' हा शब्द व्यंजनान्त असूनही स्त्रीलिंगी आहे, परंतु असे अपवाद सवडीने पाठ करता येतील.

विभक्तींचा क्रम पुस्तकात प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, सप्तमी, तृतीया असा दिसेल. आपण वहीत या शाळेतल्या संज्ञाच लिहाव्यात. तृतीया तर आयती हाती लागते : 'व्लाकोम' म्हणजे रेल्वेने, 'लोद्योउ' म्हणजे होडीने. द्वितीयेच्या बाबतीत एक नियम पुस्तकात सजीव-निर्जीव या नावाखाली मोठा करून सांगितलेला असतो. 'विदीम स्त्रोम' म्हणजे मी झाड पाहतो आणि 'विदीम ब्राता' म्हणजे मी भावाला पाहतो. पुल्लिंगी नाम निर्जीव असेल तर त्याचे रूप तसेच राहते, सजीव असेल तर बदलते. मराठीतही आपण 'झाडाला पाहतो' असे सहसा म्हणत नाही आणि 'भाऊ पाहतो' असे म्हणून भावाला पाहत नाही. हा नियम नकळत आपण रोज पाळतो.

दोन ठिकाणी मात्र मराठी आपल्याला साथ देणार नाही. पहिले ठिकाण म्हणजे 'ला' हा प्रत्यय. 'भावाला पाहतो' आणि 'भावाला देतो' या दोन्ही वाक्यांत आपण 'भावाला' म्हणतो, पण तिथे पाहताना 'ब्राता' आणि देताना 'ब्रातोवि' अशी रूपे होतात. दुसरे ठिकाण स्थान आणि गती यांचे आहे. मुलगा शाळेत असो की शाळेत जात असो, आपले 'शाळेत' बदलत नाही; तिथे असताना 'व श्कोले' ही सप्तमी आणि जाताना 'दो श्कोलि' ही षष्ठी वापरतात. ही दोन पाने सोडू नयेत, पुन्हा पुन्हा गिरवावीत.

मोजणीचा नियम आपल्याला मासळी बाजारात सहज लक्षात राहील. येदना रिबा, द्वे रिबि, त्रि रिबि, श्तिरि रिबि येथपर्यंत सरळ अनेकवचन चालते. पाचावर मात्र 'पेत्य रीब' होते, म्हणजे नाम षष्ठीच्या अनेकवचनात जाते. इंग्रजी पुस्तकाला याचे कारण पटवून देताना कष्ट पडतात. आपण बांगड्यांचा वाटा घेतो तेव्हा 'बांगडे वाटा' म्हणत नाही, 'बांगड्यांचा वाटा' म्हणतो. चारपर्यंत मासे सुटे मोजले जातात आणि पाचापासून जणू माशांचा वाटा होतो, असे मनाशी धरावे. टोपलीसमोर उभे राहून आठवडाभर मोजले की जीभ वळते.

प्रश्न : मी रत्नागिरीत शाळेत संस्कृत शिकवत असे. माझी नात शिक्षणासाठी स्लोव्हाकियातील नित्रा शहरात आहे. प्रत्येक क्रियापदाची जोडी असते आणि त्यांतले कोणते केव्हा वापरावे हे इंग्रजीतून समजत नाही, असे ती फोनवर सांगते. मी तिला काही मदत करू शकेन का? – एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, आपल्याइतकी मदत तिला दुसरे कोणी क्वचितच करू शकेल. प्रथम तिच्याकडून 'असणे' या क्रियापदाची वर्तमानकाळातली रूपे म्हणून घ्यावीत : सोम, सि, ये, स्मे, स्त्ये, सू. त्यांच्याशेजारी अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति ही रूपे आपण लिहावीत. हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळातल्या आहेत आणि ही रूपे एकाच मुळातून आलेली आहेत.

जोडीचा उलगडा मात्र संस्कृतापेक्षा रोजच्या मराठीतून चांगला होतो. 'चीताल सोम क्निहु' म्हणजे मी पुस्तक वाचत होतो. ते संपले की नाही, याविषयी वाक्य काही सांगत नाही. 'प्रेचीताल सोम क्निहु' म्हणजे मी पुस्तक वाचून काढले. वाचणे आणि वाचून काढणे, लिहिणे आणि लिहून टाकणे हा फरक आपल्या नातीला कुणी शिकवलेला नाही, तरी तो तिच्याकडून कधी चुकत नाही. त्यात एक गोष्ट जोडावी लागेल : पूर्णत्व दाखवणाऱ्या क्रियापदाचे वर्तमानकाळासारखे दिसणारे रूप भविष्याचा अर्थ देते, म्हणून 'प्रेचीताम' म्हणजे 'वाचून काढीन'. शिवाय ती स्वतःविषयी बोलताना 'चीताल' नव्हे, 'चीताला' म्हणेल, जसा मुलगा 'मी गेलो' म्हणतो आणि ती 'मी गेले' म्हणते. प्राध्यापकांशी बोलताना तिने 'वि' म्हणजे तुम्ही वापरावे आणि क्रियापद अनेकवचनी ठेवावे. 'ति' म्हणजे तू हे मैत्रिणींसाठी आहे.

तिला तिथली थंडी सोसत नसेल तर 'ये मि झिमा' असे ती म्हणू शकेल. 'मला थंडी वाजते' या वाक्यात जसा 'मला' आहे, तसाच त्यात 'मि' आहे, आणि झिमा हा शब्द आपल्या 'हिम' या शब्दाचा सख्खा नातलग आहे. मासे आवडल्याचे सांगतानाही 'रिबा मि खुत्यी' असेच वाक्य होते : मासा कर्ता, आणि ज्याला चव आवडते ती व्यक्ती चतुर्थीत.

प्रश्न : स्लोव्हाक वर्णमालेत 46 अक्षरे असल्याचे वाचले. उच्चार कसे साधावेत? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : संख्येने घाबरू नये, कारण त्यांतली बरीच अक्षरे केवळ डोक्यावरच्या खुणांमुळे वेगळी आहेत. मराठीत 'चमचा' मधला च आणि 'चहा' मधला च हे दोन वेगळे उच्चार आपण एकाच अक्षराने लिहितो. तिथे त्यांना दोन अक्षरे आहेत. 'उलित्सा' म्हणजे रस्ता, यात चमच्याचा च येतो, आणि चहाला तर ते 'चाय' म्हणतात. तसेच 'मेद्झि' म्हणजे 'मध्ये', यात 'जाळे' मधला ज आहे. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यावा. 'व्ल्क' म्हणजे लांडगा आणि 'प्र्स्त' म्हणजे बोट, अशा शब्दांत ल आणि र हेच स्वराचे काम करतात; आपण ऋ चा उच्चार 'रु' करतो, त्या सवयीने त्यांत उकार घुसडू नये.

ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. 1843 साली ल्युदोवीत श्तूर या स्लोव्हाक भाषाभ्यासकांनी मध्य स्लोव्हाकियातील बोलीच्या आधारे प्रमाणभाषा ठरवली, आणि त्या बोलीत ऱ्हस्व-दीर्घ काटेकोर पाळले जातात. पूर्वेकडच्या बोलींत दीर्घ स्वर नाहीत, म्हणून तिकडचा माणूस भेटला तर सगळे आखूड ऐकू येईल. आपण प्रमाण उच्चारच शिकावा, कारण 'सुद' म्हणजे पिंप आणि 'सूद' म्हणजे न्यायालय.