बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिअ‍ॅक्ट, अँग्युलर, जँगो, लॅराव्हेल यांपैकी आधी काय शिकू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही परभणीचे आहात, पीएचपी आणि मायएसक्यूएल कॉलेजात झालंय, पण मित्र रिअ‍ॅक्टच्या मागे लागलेत म्हणून तुमचं ठरत नाही. मी लातूरला राहून वेबचंच काम करतो. माझं मत: लॅराव्हेल घ्या आणि त्यात एक खरं काम शेवटपर्यंत न्या.

तुमच्या यादीतली नावं एका कामाची नाहीत. फेसबुकने २०१३ मध्ये खुलं केलेलं रिअ‍ॅक्ट आणि गूगलचं अँग्युलर प्रामुख्याने ब्राउझरची बाजू सांभाळतात. हिशोब साठवायचा कुठं, कोणाला काय दिसू द्यायचं, हे सर्व्हरवर ठरतं आणि ते काम जँगो (२००५) किंवा लॅराव्हेल (२०११) करतं. नुसतं रिअ‍ॅक्ट शिकलात तर अर्ध्या वाटेत सर्व्हर लागणारच. लॅराव्हेल पीएचपीवरच चालतं, आणि पीएचपी येतच असेल तर तिथूनच सुरुवात का करू नये? पायथॉन पक्कं असतं तर मी त्यावर चालणारं जँगो सांगितलं असतं. त्याचं तयार अ‍ॅडमिन पॅनल फार उपयोगी आहे.

आता काम कोणतं? मोंढ्यात ओळखीच्या आडत दुकानात जा आणि शेतकऱ्याला देतात ती पट्टी नीट बघा. नाव, गाव, माल, वजन, भाव, हमाली-तोलाई वजा, खाली निव्वळ रक्कम. हीच पट्टी लॅराव्हेलमध्ये बनवा.

एकाच पट्टीत सोयाबीन आणि तूर दोन्ही आली की मालाच्या ओळींसाठी वेगळं टेबल लागतं, म्हणजे एकाला अनेक हे नातं आलं. पैशाला फ्लोट (दशांश आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) वापरलं की पैशांचा फरक पडायला लागतो आणि मुनीम तो लगेच पकडतो. तिथं आकडा नेमका साठवणारं डेसिमलच हवं. पट्टी सेव्ह झाली, पण मालाच्या ओळी साठवताना मध्येच लाइट गेली, तर? म्हणून डेटाबेस ट्रान्झॅक्शन: साठलं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. दोन मुनीम एकाच वेळी पट्टी करत असतील तर नंबर एकच पडू नये म्हणून युनिक इंडेक्स, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम. उद्या भाव बदलला तरी कालची पट्टी बदलता कामा नये, म्हणून भाव पट्टीच्या ओळीतच साठवायचा. मराठी पीडीएफ काढताना डॉमपीडीएफ वापरलंत तर जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. एमपीडीएफ ते नीट करतं. हे प्रश्न जँगोत किंवा जावाच्या स्प्रिंग बूटमध्येही बहुतेक असेच येतात, म्हणून इथं घातलेला वेळ वाया जात नाही.

फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन (फॉर्म तुमच्याच साइटवरून आल्याची खूण) घालायचं राहिलं की लॅराव्हेल ४१९ चं पान दाखवतं. तेव्हा कुठलीतरी ओळ कॉपी करून पुढं जाऊ नका. दुसऱ्या साइटवरून तुमच्या लॉगिनच्या जोरावर कोणी फॉर्म कसा पाठवू शकतो, ते त्याच दिवशी समजून घ्या. मुलाखतीत मी मुलांना हेच विचारतो.

दोन गोष्टी आधीच बघून घ्या. लॅराव्हेल ११ ला किमान पीएचपी ८.२ लागतं, कॉलेजातलं जुनं झॅम्प (पीएचपी आणि मायएसक्यूएल एकत्र देणारं पॅकेज) चालणार नाही. आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर टाकताना डोमेन पब्लिक फोल्डरकडेच वळवा, नाहीतर डेटाबेसचा पासवर्ड असलेली एन्व्ह फाइल जगाला उघडी पडू शकते.

रिअ‍ॅक्ट शिकाच, पण त्याआधी साधी जावास्क्रिप्ट: अ‍ॅरे, प्रॉमिस, फेच. मग पट्टी भरायचा एक पडदा रिअ‍ॅक्टमध्ये करून बघा. पुण्यातल्या मोठ्या कंपनीतच जायचं पक्कं असेल तर मात्र जावा, स्प्रिंग बूट आणि अँग्युलरचा विचार करा. अँग्युलरच्या बाबतीत इंटरनेटवरचे जुने धडे टाळा: २०१० चं अँग्युलरजेएस आणि २०१६ पासूनचं अँग्युलर या वेगळ्या गोष्टी आहेत, जुन्याचा आधार २०२१ अखेरीस संपला.

पुण्याच्या महागड्या क्लासचं विचारलंत. आत्ता पैसे भरू नका. पट्टीचं काम चालू स्थितीत आलं की तुम्हाला नेमकं काय येत नाही ते कळेल, आणि मग तेवढ्यासाठीच क्लास शोधता येईल.