गेमबॉयवरच्या संगीताला गिऱ्हाईक आहे का? (प्रतिसाद लांबलाय)

धागाकर्त्यांचा प्रश्न आहे की चिपट्यून (गेमबॉयसारख्या जुन्या गेम-मशीनच्या ध्वनी-चिपवर केलेलं संगीत) ऐकणारे लोक किती आणि त्यातून पैसे सुटतात का. वर 'छंद म्हणून ठेवा' इथपासून 'रील्स करा' इथपर्यंत सल्ले येऊन गेलेत. मी लॉगिन केलं ते तुमच्या पोस्टच्या शेवटच्या दोन ओळींसाठी, एरवी मी इथे वाचनमात्र असते. तुम्ही जाता जाता लिहिलंय की तुमची धून वापरलेल्या एका छोट्या गेमच्या व्हिडिओवर तुमच्याच वितरण कंपनीचा (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी) कॉपीराइट क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, पडला, आणि सपोर्टवाले दर वेळी तेच छापील उत्तर पाठवतात. या दुखण्यातून मी गेले आहे. त्यावर येतेच.

डिस्क्लेमर: मी वकील नाही, सीए नाही. छोट्या गेम्सना संगीत करून घरखर्चाचा काही भाग निघतो, पूर्ण घर त्यावर चालत नाही. बाकी सगळं हे माझं वैयक्तिक मत. एलएसडीजे (गेमबॉयवर संगीत रचायचं सॉफ्टवेअर), ट्रॅकर (सूर ओळीओळीने लिहून धून रचायचा प्रोग्राम), गेमबॉयचे चार चॅनेल वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यात शिरत नाही.

श्रोते आहेत. फक्त ते आणि पैसे देणारे वेगवेगळे आहेत. चिपट्यून केवळ चिपट्यून म्हणून ऐकणारा वर्ग जगभरात मिळून छोटा, आणि त्यातले बरेचसे स्वतःच ट्रॅकर उघडून बसलेले. दर्दी माणसं. पल्स लहरीची ड्युटी सायकल (लहर किती वेळ चढलेली राहते ते) साडेबारा टक्के आहे की पंचवीस, हे कानाने सांगतात. पण त्यांना फुकट ऐकायची सवय आहे आणि ती याच मंडळींनी एकमेकांना लावली. एटबिटपीपलसारखी नेटलेबलं (इंटरनेटवरच अल्बम काढणाऱ्या संस्था) १९९९ पासून अल्बमच्या अल्बम फुकट वाटत होती. मला त्याबद्दल कृतज्ञताच आहे, मी त्यावरच शिकले. पण बँडकॅम्पवर (कलाकाराकडून थेट अल्बम विकत घ्यायची साइट) तुमचा अल्बम घेणारे पंचवीस-तीस लोक तेच असतात, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांचा अल्बम घेता. पैसा गोल फिरतो, मधल्या मधे टक्केवारी कापली जाते.

'आता लाट येणार' हे वाक्य फार जुनं आहे. सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा मॅनेजर माल्कम मॅक्लारेन यानेही २००३ मध्ये वायर्ड मासिकात लेख लिहून यात नवं पंक पाहिलं होतं. न्यूयॉर्कचा चिपट्यूनचा ब्लिप फेस्टिव्हल २००६ ला सुरू झाला, टोकियोपर्यंत पोचला आणि २०१२ नंतर झाला नाही. ज्यांना खरे पैसे मिळाले त्यांची वाट बघा. अनामानागुची या बँडने २०१३ मध्ये किकस्टार्टरवर (लोकवर्गणीची साइट) ५० हजार डॉलर मागितले, मिळाले पावणेतीन लाखांच्या वर. पण हा बँड निन्टेन्डोच्या चिपसोबत खरी गिटार आणि ड्रम वाजवतो, आणि त्याआधी २०१० मध्ये स्कॉट पिलग्रिमच्या गेमचं संगीत त्यांनी केलेलं होतं. चिपझेल ही संगीतकार कितीतरी लोकांना माहीत झाली ती २०१२ च्या सुपर हेक्सागॉन या गेममुळे. जेक कॉफमनने शोव्हेल नाइटचं (२०१४) संगीत फॅमिट्रॅकरमध्ये (निन्टेन्डोच्या आवाजांसाठीचा ट्रॅकर), कोनामीच्या जुन्या व्हीआरसी६ चिपचे जादा चॅनेल धरून केलं. तो गेम खेळणाऱ्या बहुतेकांना व्हीआरसी६ म्हणजे काय हे ठाऊक नसेल, आणि त्यांचं काही अडलंही नाही.

म्हणून माझं ठाम मत: तुमचं गिऱ्हाईक म्हणजे पिक्सेल गेम करणारा एकटा-दुकटा डेव्हलपर. त्याला अस्सल हार्डवेअरशी घेणंदेणं नसतं. त्याला वेळेवर फाइल हवी, लूप न खटकणारा हवा, आणि बॉस मरतो तिथे संगीत बदलायला हवं. असे लोक इचवर (छोटे गेम मांडायची साइट) आणि लुडम डेअरसारख्या गेम जॅममध्ये (थोड्या ठरलेल्या वेळात गेम करायचा उपक्रम) भेटतात. जॅमला फुकट काम करा, हरकत नाही, मात्र हक्क कुणाचे हे एका ओळीच्या मेलमध्ये आधी लिहून घ्या. स्ट्रीमिंगच्या आशेवर राहू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच मिळत नाही, आणि आपल्या अल्बममधले निम्मे ट्रॅक तिथेच गळतात.

वर एका सदस्याने नव्वदच्या दशकातल्या आठवणींवर धंदा होईल असं लिहिलंय. मला शंका आहे. आपल्याकडे खरा निन्टेन्डो फार थोड्या घरांत होता. आज चाळिशीत असलेल्यांच्या कानात आहे ते मीडिया किंवा लिटल मास्टरच्या नकली डब्यावर '९९९९ इन १' कॅसेटमधून ऐकलेलं मारिओ आणि कॉन्ट्रा. त्यांना त्या धुना हव्या असतात, तुमच्या नव्या धुना नकोत. मारिओची धून तर २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत घेतली. रचना कोजी कोंडोंची, हक्क निन्टेन्डोचे. कव्हर केलंत तर व्ह्यूज मिळतील, त्यापुढे काही नाही. मी एका गणपतीत 'सुखकर्ता दुःखहर्ता' गेमबॉयवर केली होती. ती इतकी फिरली की माझ्याच मावशीने 'किती गोड आहे बघ' म्हणून मला फॉरवर्ड केली. काम एकही आलं नाही. (अवांतर: एलएसडीजेत सूर सरकवणाऱ्या एल आणि पी कमांड नीट वापरल्या तर मींड बऱ्यापैकी येते. आरतीपेक्षा नाट्यपदावर जास्त मजा येते.)

आता तुमचं दुखणं.

माझं प्रकरण असं. परदेशातल्या दोन मुलांच्या गेमसाठी पूर्ण साउंडट्रॅक केला. करार साधा: हक्क माझे, गेममध्ये आणि त्याच्या जाहिरातीत वापरायची परवानगी त्यांना. अल्बम स्ट्रीमिंगवर जावा म्हणून एका वितरण कंपनीकडे दिला. नाव लिहिणार नाही, खासगी निरोप पाठवूनही विचारू नका. फॉर्म भरताना यूट्यूबचा कॉन्टेन्ट आयडी (दिलेल्या फाइलशी जुळणारा आवाज व्हिडिओंत आपोआप शोधून क्लेम टाकणारी यंत्रणा) 'नको' असं निवडलं होतं, त्याचा स्क्रीनशॉट आजही आहे. तरी कंपनीने सगळे ट्रॅक कॉन्टेन्ट आयडीत टाकले.

गेम बाजारात आला त्याच आठवड्यात, तो खेळून दाखवणाऱ्या यूट्यूबरांच्या व्हिडिओंवर क्लेम पडायला लागले. छोट्या गेमला जाहिरातीचं बजेट नसतं, हे यूट्यूबर हीच जाहिरात, आणि विक्रीचा सगळा जोर पहिल्या काही दिवसांत असतो. त्यांच्या व्हिडिओची कमाई माझ्या नावाने वळती व्हायला लागली. काहींनी व्हिडिओ काढून टाकले, काहींनी संगीत बंद करून नुसते धपाधप आवाज ठेवले. एकाने बाकीच्यांना सावध करणारी पोस्ट टाकली. मग गेमच्या स्वतःच्या ट्रेलरवर क्लेम आला. डेव्हलपरचा मेल आला, फक्त लिंक आणि पुढे प्रश्नचिन्ह.

सपोर्टचं पहिलं उत्तर: तुमच्या संगीताचं रक्षण करणं हे आमचं काम आहे. मी कळवलं, मला रक्षण नकोय, क्लेम सोडा. उत्तर: ज्यांच्यावर क्लेम आहे त्यांनी डिस्प्यूट (आक्षेप) करावा. मी म्हटलं, चॅनेल व्हाइटलिस्ट करा (क्लेममधून वगळा). म्हणे लिंका द्या. दिल्या. म्हणे प्रत्येक चॅनेलमालकाचं पत्र द्या. गाणं माझं, परवानगी देणारी मी, आणि पत्र आणायचं अनोळखी यूट्यूबरांकडून! त्यावर वाद घातला तर तिकीट आपोआप बंद: 'तुमची समस्या सुटली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?' पुन्हा उघडलं की नवा माणूस, नवी सुरुवात. स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर आलं की तो विभाग वेगळा आहे. त्या विभागाचा पत्ता मागितला तर पुन्हा रक्षणाचं वाक्य. सरकारी कचेरीत निदान साहेब जेवायला गेलेत एवढं तरी समोरचा शिपाई सांगतो.

शेवटी अल्बमच काढून टाकायला लावला. स्पॉटिफायवरून तो दोन-तीन दिवसांत गेला, कॉन्टेन्ट आयडीतली संदर्भ-फाइल (जुळवणीसाठी दिलेली मूळ फाइल) मात्र जिवंतच. क्लेम चालूच. दुसऱ्या कंपनीकडे अल्बम दिला तर आता एकाच गाण्याला दोन दावेदार झाले आणि मालकीचा वाद उभा राहिला. तो मिटला तेव्हा गेम शिळा झाला होता. त्या मुलांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. पुढच्या गेमचं संगीत त्यांनी दुसऱ्याकडून घेतलं, एवढंच. त्या एका गिऱ्हाइकाकडून मला पुढची तीन-चार वर्षं काम मिळालं असतं असं अजून वाटतं.

चिपट्यूनमध्ये हे जास्त होतं याला कारण आहे. आपल्या सगळ्यांचे आवाज मोजके आणि सारखे. एलएसडीजेसोबत येणारी ड्रमकिटं कितीतरी लोक जशीच्या तशी वापरतात. यूट्यूबचा नियम असा की संदर्भ-फाइलमधल्या ध्वनीवर तुमचा एकट्याचा हक्क हवा, सगळ्यांना खुले असलेले लूप आणि सॅम्पल त्यात चालत नाहीत. कंपन्या हे तपासत नाहीत. मग तुमच्या सुरुवातीच्या आठ सेकंदांच्या ड्रमवरून तिसऱ्याच माणसाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने क्लेम पडतो आणि तो तुम्हाला शिव्या घालतो. माझ्या बाबतीत हेही झालं.

तुमच्या बाबतीत आज करण्यासारखं: डिस्प्यूट व्हिडिओवाल्यानेच करायचा असतो, तुम्हाला तो करता येत नाही. त्याला तुमच्या सहीचं एक छोटं पत्र द्या, संगीत माझं आहे आणि या चॅनेलला परवानगी आहे असं. क्लेम पडल्यापासून पाच दिवसांच्या आत डिस्प्यूट केला तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली जाते. कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस असतात, ती गप्प बसली तर क्लेम सुटतो. तिने क्लेम कायम ठेवला तर अपील करता येतं, तिथे मुदत सात दिवसांची. अपिलानंतर मात्र कंपनी व्हिडिओ उतरवण्याची रीतसर मागणी करू शकते आणि चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाची नोंद) येऊ शकतो, म्हणून छोटे चॅनेलवाले त्या पायरीला कचरतात. त्यांच्यावर चिडू नका. कंपनीला लिहिताना 'अल्बम काढून टाका' असं मुळीच लिहू नका. 'या ट्रॅकची कॉन्टेन्ट आयडीतली संदर्भ-फाइल काढा आणि पडलेले क्लेम सोडा' एवढंच, प्रत्येक ट्रॅकच्या आयएसआरसी क्रमांकासकट (ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक). आणि तो वाद मिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नका.

उलट बाजूने, आपलं संगीत कुणी ढापलं तर काय? टिंबलँड-नेली फुर्टाडोचं 'डू इट' हे गाणं आठवत असेल. फिनलंडच्या यान्ने सुनीच्या मूळ रचनेचं कमोडोर ६४ या जुन्या कॉम्प्युटरच्या सिड चिपसाठी केलेलं रूप त्यात वापरल्याचा आरोप होता. ते रूप २००२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन डिस्क-मासिकात (डिस्कवर निघणारं मासिक) आलेलं होतं. हक्क घेतलेल्या कंपनीने अमेरिकेत दावा लावला आणि २०१२ मध्ये अपील कोर्टातही हरली. कारण काय, तर अमेरिकेत नोंदणी नव्हती. चोरी झाली की नाही या मुद्द्यावर निकाल झालाच नाही. आपल्याकडे कॉपीराइटला नोंदणी सक्तीची नाही, पण तारीखवार सेव्ह फाइली आणि रेंडर (तयार ध्वनिफाइल) जपून ठेवा. जुन्या कार्ट्रिजच्या आतली बॅटरी मेली की सेव्हही जाते, तेव्हा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

करारात मुदत आणि प्रदेश लिहायलाच हवा. भारतीय कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. देशी स्टुडिओ 'सगळे हक्क कायमचे' असा एका ओळीचा कागद पुढे करतात, तेव्हा सही करण्याआधी भाव वाढवा. पैसे बाहेरून येत असतील तर अमेरिकन कर-फॉर्म (डब्ल्यू-८बेन) पॅन घालून भरा. पॅन न घालता भरला तर यूट्यूबच्या अमेरिकन प्रेक्षकांकडून येणाऱ्या कमाईवर १५ ऐवजी ३० टक्के कापले जातात. बँकेत पर्पज कोडवरून (बाहेरून आलेले पैसे कशाचे हे सांगणारा क्रमांक) होणाऱ्या गमतीजमतींवर वेगळा धागा काढावा लागेल, आज तेवढा दम नाही.

तुम्ही दिलेल्या लिंकवरचे ट्रॅक ऐकले. तिसरा चांगला आहे, विकण्यासारखा आहे. फक्त त्याचा बेस मोबाइलच्या स्पीकरवर पूर्ण गायब होतो. त्याला एक सप्तक वर हलकी पल्स जोडून बघा. आणि त्या कंपनीच्या करारातलं 'मॉनेटायझेशन' किंवा 'यूट्यूब' असा उल्लेख असलेलं कलम नाव खोडून इथे डकवा, वाचून सांगते.

ता.क. डेव्हलपरला लूप एमपी३ मध्ये देऊ नका. त्या फॉरमॅटमध्ये सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि प्रत्येक फेरीला टिचकी ऐकू येते. ऑग किंवा वेव्ह द्या.