तुझ्या क्लेरिकच्या आकड्यांबद्दल

प्रिय दोस्ता,

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळासाठी तू केलेल्या क्लेरिकचं, म्हणजे देवाच्या बळावर मंत्र चालवणाऱ्या पुजारणीचं, कॅरेक्टर शीट (तिच्या गुणांचे आकडे लिहिलेला कागद) आणि सोबत पाठवलेली तिची गोष्ट, दोन्ही वाचलं. गोष्ट झकास आहे. देवळात वाढलेली, दरबारात देवस्थानची बाजू मांडणारी, शस्त्र उपसायची वेळ येण्याआधीच समोरच्याला बोलून गार करणारी क्लेरिक. मग शीट उघडलं. स्ट्रेंग्थ (ताकद) १६, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा, थोडक्यात कॉन) १६, विझ्डम (शहाणपण) १६. डेक्स्टेरिटी (चपळाई, थोडक्यात डेक्स), इंटेलिजन्स (बुद्धी) आणि करिझ्मा (लोकांवर छाप पाडणं) प्रत्येकी ८. आणि पार्श्वभूमी? शेतकरी!

हे कसं झालं ते लगेच लक्षात आलं. पॉइंट बायच्या, म्हणजे गुण विकत घ्यायच्या पद्धतीच्या, २७ पॉइंटांत तीन १५ बरोबर बसतात, बाकीचे तिन्ही गुण फुकटात ८ वर राहतात आणि २०२४ च्या नियमांत शेतकरी ही पार्श्वभूमी नेमक्या त्याच तिघांना +१ देऊ शकते. हिशोबात खोट काढायला जागा नाही. फक्त ही बाई दरबारात तोंड उघडेल तेव्हा करिझ्मा ८ म्हणून फाशातून १ वजा होणार, आणि दार फोडायचं असलं की सगळे तिच्याकडे बघणार.

आकडे जुळवणं म्हणजे खेळाची मजा घालवणं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे तुला माहीत आहे. पहिल्या लेव्हलचा फायटर घे, समोर आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५. स्ट्रेंग्थ १४ असेल तर हल्ल्याला एकूण +४ (गुणाचे २, सरावाचे २), म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ११ हवेत, शक्यता ५० टक्के. स्ट्रेंग्थ १६ असेल तर १० पुरतात, शक्यता ५५. पाचच टक्के, असं वाटतं. पण तोच मॉडिफायर, म्हणजे गुणामुळे फाशात मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा, डॅमेजलाही लागतो. एका हाताने चालवलेल्या लाँगसोर्डची सरासरी ६.५ वरून ७.५ वर जाते, आणि दोन्ही एकत्र धरलं तर दर हल्ल्यामागे जवळजवळ पावपट जास्त मार बसतो. म्हणून क्लासचा (फायटर, क्लेरिक अशा पेशाचा) मुख्य गुण १६ च्या खाली नको, यावर मी हटून बसतो. १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कमी स्ट्रेंग्थवरही निभावून जायचं, कारण तेव्हा तिचा परिणाम मुख्यतः अनुभवाच्या पॉइंटांवर व्हायचा, वार लागणं किंवा मार किती बसणं तिच्यावर ठरत नव्हतं. आता ठरतं.

पण मुख्य गुण एकदा जागेवर बसला की उरलेले पॉइंट कुठे घालायचे हे तक्त्यात बघून कळत नाही. ही व्यक्ती दर बैठकीत टेबलावर पुन्हा पुन्हा काय करणार, ते आधी सांगावं लागतं. तू ते गोष्टीत सांगितलंयस, शीटला सांगायचं राहिलंय.

आता तीच गोष्ट धरून मांडू. पार्श्वभूमी अकोलाइट (देवळातली सेवेकरी) घे, ती इंटेलिजन्स, विझ्डम आणि करिझ्मा यांना वाढ देते. पॉइंट बायमध्ये १३ पर्यंतची प्रत्येक पायरी १ पॉइंटाची, १४ आणि १५ च्या पायऱ्या मात्र दोन-दोनच्या, त्यामुळे तिथवर जायचं तर कारण हवं. विझ्डम १४ विकत घे, ७ पॉइंट. पार्श्वभूमीचे +२ लावले की १६. करिझ्मा १३ घे, ५ पॉइंट, त्यात +१ पडून १४. कॉन १४, डेक्स १४, प्रत्येकी ७. एकूण २६. क्लेरिकला मीडियम आर्मर (मध्यम चिलखत) चालतं आणि त्यात डेक्सचे जास्तीत जास्त +२ च धरले जातात, म्हणून १४ च्या वर जाण्यात अर्थ नव्हताच. उरलेला १ पॉइंट स्ट्रेंग्थला दे, ९ होईल. मॉडिफायर तोच राहतो, पण उचलायची क्षमता खऱ्या आकड्यावर मोजतात, तेव्हा १५ पौंड सामान जास्त नेता येईल. तेवढंच!

आता सहाही मॉडिफायरची बेरीज करून बघ. तुझ्या शीटवर ६ येते, या मांडणीत ७. तुझ्या १५ वर चढवलेल्या तिन्ही गुणांच्या शेवटच्या दोन पायऱ्यांनीच १२ पॉइंट खाल्ले होते.

तोटा आहेच. गदेचा वार लंगडा होईल, पण सेक्रेड फ्लेम हा तिचा हल्ल्याचा स्पेल (मंत्र) विझ्डमवर चालतो. हिट पॉइंट दर लेव्हलला एक कमी मिळेल. कॉन्सन्ट्रेशन टिकवायचा सेव्हही (मार बसला तरी चालू स्पेल सुटू नये म्हणून टाकायचा बचावाचा फासा) एकाने उतरेल, ते मात्र मलाही थोडं बोचतं. कुणी सांगेल की विझ्डम १७ घे आणि चौथ्या लेव्हलला फीटमधून (तेव्हा मिळणाऱ्या खास क्षमतेतून) १८ कर. वाईट सल्ला नाही. त्यासाठी डेक्स १३ वर आणावी लागेल, आणि मोहीम चौथ्या लेव्हलपर्यंत टिकणार असेल तरच त्याचा उपयोग. ते डीएमलाच (खेळ चालवणाऱ्याला) विचार. या मोहिमेत दरबार आहे का, हेही त्याच दमात विचारून घे. सगळा वेळ भुयारात जाणार असेल तर माझी वरची मांडणी बाजूला ठेव.

इंटेलिजन्स ८ राहिलाय म्हणून तिला मठ्ठ रंगवू नकोस. १० आणि ८ मध्ये फाशावर एकाचा फरक आहे. इतिहासातली सनावळी चुकते, एवढं पुरे.

कौशल्यांत पर्सुएशन घे, क्लेरिकच्या यादीत ते आहे. आणि नवं शीट पाठवशील तेव्हा स्पेल्सची यादीही जोड. तिच्या स्पेलविरुद्ध समोरच्याला १३ चा सेव्ह मारावा लागेल, तेव्हा एका शब्दात हुकूम सोडणारा कमांड त्यात असायलाच हवा.

तुझा,
जुना डीएम