आजीचे पैसे आजीच्या नावावर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. हायवेच्या भूसंपादनातले आजीच्या वाट्याचे चार लाख एकदाचे खात्यात पडले, बरं झालं. त्या सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांच्या सह्या गोळा होईपर्यंत निम्मे हिस्सेदार वर गेले. आता तुझा पेच असा: पैसे तिच्या नावावर ठेवले तर सरकारच्या श्रावणबाळ योजनेतल्या पेन्शनचे महिन्याचे १५०० बंद होतील. मामा म्हणतात आमच्याकडे द्या, आम्ही बघू. आजी म्हणते तुझ्याच खात्यात टाक. मग करायचं काय?

आजीचे पैसे आजीच्या नावावर ठेव. माझ्याकडून एवढंच. पण तू हिशेबी, तुला आकडे लागणार.

श्रावणबाळला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १७५०. एवढ्यात माणूस जगतो कसा, हे मर्यादा ठरवणाऱ्यालाच विचारायला हवं. असो. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला सध्या ८.२ टक्के व्याज आहे. खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं टिकतो आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. सगळे चार लाख तिथे ठेवलेस तर वर्षाला ३२,८००. मर्यादा ओलांडली, पेन्शन गेली, हातात राहिले ३२,८००. आता दुसरा हिशेब बघ. २,४०,००० योजनेत, त्याचं व्याज १९,६८०. अडीनडीला ३०,००० पोस्टाच्या साध्या बचत खात्यात, ४ टक्क्यांनी १,२००. बेरीज २०,८८०. पेन्शनचे १८,००० राहिले तर वर्षाला ३८,८८० हातात. तिचं दुसरं उत्पन्न नाही, कलमांची बाग तर आजोबा गेल्यावर लगेच मामांच्या नावावर चढली. तेव्हा तिला कोणी विचारलं होतं?

उरतात १,३०,०००. त्यात आधी घराला लागून संडास आणि न्हाणीघर बांध, भिंतीला धरायला लोखंडी दांडा लाव. आषाढातल्या रात्री म्हातारी खळं ओलांडून बाहेर जाते, शेवाळावर पाय सटकला की पुढचं सगळं नियोजन अस्थितज्ज्ञाकडे. मग मागच्या पडवीचं छप्पर. हा खर्च तिच्यासाठी होतोय. विरारच्या फ्लॅटचा हप्ता त्यात बसत नाही.

यातलं काही लपवायचं मात्र नाही. उत्पन्नाचा दाखला काढताना पासबुक तलाठ्यापुढे ठेव, मोबदला आला हेही सांग. त्यांनी हिशेब वेगळा धरला आणि पेन्शन थांबली तर थांबू दे. मग उरलेलेही योजनेत घाल. तू म्हणतोस तसं तुझ्या नावावर ठेवून १५०० वाचवणं म्हणजे पंधराशेसाठी चार लाख परक्याचे करणं. तू परका नाहीस, ठाऊक आहे. पण उद्या तुझं लग्न होईल, तुला गाडी घ्यायची असेल, आणि 'आजीचेच तर आहेत' हे वाक्य तुझ्याच तोंडून निघेल. चांगल्या माणसांच्या तोंडून निघालेलं मी ऐकलंय.

शाखा डाकपाल म्हणून आयुष्य काढलं. निराधार योजनेचे पैसे वाटताना जे दिसलं ते सांगतो. काजू फोडून फोडून चिकाने खाल्लेली बोटं, अंगठ्याचं यंत्र काही घेत नाही. आधी कोमट पाण्याने हात धुवायचे, पदराला कोरडे करायचे. अंगठा नाही तर अनामिका, ती नाही तर करंगळी. शेवटी यंत्र एकदाचं मान्य करायचं. मी नोटा मोजून तिच्या हातात ठेवायचो, आणि तिने कमरेची पिशवी सोडायच्या आत मागे उभ्या असलेल्या मुलाचा पंजा पुढे यायचा. काही बोलत नसत दोघंही. म्हणून हेही लक्षात ठेव: एटीएम कार्ड तुझ्या पाकिटात नको. व्याज तिच्या बचत खात्यात आपोआप जमा होईल असं लिहून दे. उचललं नाही तर त्या व्याजावर व्याज मिळत नाही.

मामा म्हणतील, आई आमच्याकडेच राहील, लिहून देतो. कायदा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मिळतं. निर्वाह न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असतं. पण ७१ वर्षांची बाई प्रांताच्या कचेरीत पोटच्या मुलाविरुद्ध उभी राहील? राहणार नाही. 'माका कित्याक व्हये पैशे, झिलाकडेच आसत ते' म्हणेल आणि चुलीकडे वळेल. म्हणून आधीच आजीचे पैसे आजीच्या नावावर.

तू विचारशील, तुम्ही स्वतः काय केलंत? हेच केलं. आम्ही ग्रामीण डाक सेवक ६५ ला घरी जातो, खात्यातल्या इतरांसारखी पेन्शन आम्हाला नाही. जी काही एकरकमी मिळाली ती मुलाने मागितली होती, कल्याणच्या जागेच्या डाउन पेमेंटला. मी नाही म्हटलं. त्याने दुसरीकडून कर्ज काढलं, जास्त व्याजाने. त्यानंतर गणपतीला त्याचं येणं कमी झालं. सून फोनवर 'बरे आहात ना' च्या पुढे जात नाही. हिला वाईट वाटतं, मलाही वाटतं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी जरा जास्तच. पण हिचं इन्सुलिन कधी कोणाला विचारून आणावं लागलं नाही. बाप म्हणून कमी पडलो असेन, नवरा म्हणून नाही. आणि खरं सांगू, मुलगा आज मागायला आला तरी मी नाहीच म्हणेन. माझं सोड. मी हट्टी आहे हे गावाला माहीत आहे.

आणि ते अटल पेन्शनमध्ये आजीला घालता येईल का, हा काय प्रश्न रे? मेसेज पाठवण्याआधी वयाची अट वाचायचीस तरी. ती १८ ते ४० वयाच्या माणसांसाठी आहे, म्हणजे तुझ्यासाठी. पंचविशीत महिना ३७६ भरलेस तर साठीनंतर महिना ५००० मिळतील. आयकर भरत नाहीस तोवरच खातं उघडता येतं. हे काम पगार झाल्याबरोबर कर, उगाच मला पुन्हा विचारत बसू नकोस. तिच्यासाठी काढायचं ते सत्तरीवरच्यांचं वय वंदना कार्ड. पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आहे, आधारवर निघतं. तिचं एकाहत्तर झालं, अजून काढलं नाहीस.

फॉर्म आणायला जाशील तेव्हा तिलाही ने. तिच्या देखत भर, प्रत्येक रकाना वाचून दाखव. वेळ लागेल, लागू दे. नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं ते तिला विचार, आणि विचारताना आपलं तोंड दुसरीकडे कर. तुझंच घाल म्हणाली तर घाल, पण त्याच संध्याकाळी मामांना फोन करून सांग. भडकले तर माझा नंबर दे.

तुझा,
पोस्टातले आबा